हरलो होतो, म्हणून हे पत्र

क्लीव्हलँड
रविवार, २६ जून २०१६

प्रिय पक्या,

तुला वाटलं असेल, जिंकलेला माणूस पत्र कशाला लिहितोय, जखमेवर मीठ चोळायला असणार. थोडं मीठ आहेच, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण वेगळंय. १० जूनला एनबीएच्या, म्हणजे इथल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनल्सची चौथी मॅच संपली त्या रात्री मी तुला मेसेज टाकला होता, "हरलो बाबा. पत्र लिहितो." तू अंगठा पाठवलास आणि झोपलास. पुढच्या नऊ दिवसांत जे झालं त्यात तू तो मेसेज विसरलास आणि मी विसरल्यासारखं केलं. काल काहीतरी शोधताना तो परत समोर आला आणि लाज वाटली रे. ऑक्टोबरात पैज लागली, कप तुझे गोल्डन स्टेट वॉरियर्स नेतात की माझे क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स, तेव्हाच ठरलं होतं ना, हरणाऱ्याने मराठीत लांबलचक पत्र लिहायचं, फॉरवर्ड नाही, इमोजी नाही. मी हरलो असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, मग टीम जिंकली म्हणून पत्र माफ होत नाही.

तर आधी तुझं कौतुक उरकतो. सीझन तुमचाच होता. पहिल्या २४ मॅचेस ओळीने जिंकणं हा काय प्रकार आहे, आणि तेसुद्धा तुमचा कोच स्टीव्ह कर पाठीच्या ऑपरेशनमुळे घरी आणि बाकावर तात्पुरता ल्यूक वॉल्टन. मला आठवतंय, ११ डिसेंबरला बोस्टनमध्ये डबल ओव्हरटाइम खेळून तुम्ही जिंकलात आणि दुसऱ्याच रात्री मिलवॉकीने पाडलं, तेव्हा तू फोनवर असा बोलत होतास की जसं घरात कोणाचं काही बरंवाईट झालंय. एक मॅच हरलात रे. आमचे लोक एका आठवड्यात तेवढं हरून गपचूप जेवायला बसतात.

आणि तुमचा स्टेफ करी. त्याच्याबद्दल मी काय बोलू, मला तो आवडतो हे तुला माहितीय आणि त्याचाच तू गैरफायदा घेतोस. आधीच्या सीझनला त्याने २८६ थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले तो रेकॉर्ड, आणि यंदा ४०२. म्हणजे स्वतःचाच रेकॉर्ड थोडाथोडका नाही तर शंभरावर मागे टाकला. ओक्लाहोमा सिटीत २७ फेब्रुवारीला ओव्हरटाइमच्या शेवटी त्याने अर्ध्या कोर्टाच्या जरासा पुढून जो मारला, तो मी किमान पन्नासदा बघितलाय. आधी वाटलं, अरे थांब, टाइम आहे अजून, एवढ्या लांबून कशाला, आणि तो बॉल सोडून मोकळा. त्यानंतर समोरच्या टीमने त्याला कुठून अडवायला सुरुवात करायची हेच कोणाला कळेना. एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) एकमताने मिळाला, एनबीएच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं, १३१ पैकी १३१ मतं, तिथं मी वाद घालत नाही.

वाद घालतो ते १८ जानेवारीवरून. त्या दिवशी मी एवढे पैसे घालून द क्यू मध्ये, आमच्या स्टेडियमात, तिकीट काढून गेलो होतो, थंडीत कुडकुडत, आणि तुम्ही १३२-९८ केलंत. चौतीस पॉइंट! त्याआधी करीने पेपरवाल्यांना सांगितलेलं की पाहुण्यांच्या लॉकर रूममध्ये अजून शॅम्पेनचा वास येत असेल, म्हणजे २०१५ ला आमच्याच घरात येऊन कप घेऊन गेलात त्याचा. चौथ्या क्वार्टरला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, माझ्या शेजारचा एक बाप पोराला जॅकेट घालत होता आणि पोरगं विचारत होतं की मॅच संपली का, बाप म्हणाला हो संपली. घड्याळात दहा मिनिटं होती.

आणि गंमत बघ, बरोब्बर चार दिवसांनी, २२ जानेवारीला, आमच्याकडे डेव्हिड ब्लॅटला काढलं. ३० जिंकलेल्या, ११ हरलेल्या, ईस्ट विभागात पहिला नंबर, आणि कोचला नारळ! जागेवर टायरॉन लू. त्याच दिवशी तुमचा कर बाकावर परत आला. तेव्हा तू मला लिहिलंस, "आमचा कोच आला, तुमचा गेला, सीझन संपला." मला उत्तर सुचलं नव्हतं.

१३ एप्रिलची रात्र मात्र दोघांचीही. तुमची ७३ वी विन मेम्फिसविरुद्ध, शिकागोच्या १९९५-९६ च्या ७२ च्या पुढे, करीचे ४६, आणि त्याच वेळेला लॉस एंजेलिसमध्ये लेकर्सच्या कोबी ब्रायंटची शेवटची मॅच. मी दोन स्क्रीन लावून बसलो होतो. म्हातारा कोबी ५० शॉट मारतोय आणि ६० पॉइंट करतोय आणि यूटाला हरवतोय, आणि इकडे इतिहास होतोय तिकडे बघायला कोणाला वेळ नाही. तू चिडला होतास ना त्यावरून? तुझ्या ७३ ची बातमी अर्धी झाली म्हणून. हे मला फार आवडलं होतं, आत्ता सांगतो.

प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, आमचं काही सांगण्यासारखं नाही, डेट्रॉइट ४-०, अटलांटा ४-०, टोरांटोने दोन घेतल्या तेवढंच. तुमचं मात्र नाटक झालं. करीचा गुडघा, मग पोर्टलंडला परत येऊन ओव्हरटाइममध्ये १७ पॉइंट, आणि मग चार जिंकायच्या सीरिजमध्ये ओक्लाहोमाने ३-१ वर आणून ठेवलं. सहाव्या मॅचला क्ले थॉम्पसनने ११ थ्री मारून तुमचा जीव वाचवला. ते बघून मी घरात उभा राहून टाळ्या वाजवल्यात, विरुद्ध पार्टीचा असून. आता मला एक सांग, ३-१ वरून सीरिज परत येऊ शकते हे जगाला दाखवलं कोणी? तुम्हीच. आणि अकरा दिवसांनी हेच विसरलात तुम्ही. मी पण विसरलो, म्हणून तर पत्र.

आता माझ्या पापाकडे येतो.

मी राहतो ते घर तुला दाखवलं होतं व्हिडिओवर, इथं त्याला डबल म्हणतात, खाली एक बिऱ्हाड वर एक. खाली मालककाका राहतात. ६३ वर्षांचे, एकटे, त्यांच्याकडे एक आमच्या लेब्रॉन जेम्सची २३ नंबरची जर्सी आहे. २०१० ला लेब्रॉन टीव्हीवर बसून मायामीला चाललो म्हणाला तेव्हा या गावात लोकांनी जर्सी जाळल्या. काकांनी जाळली नाही, त्यांनी ती गाडी पुसायला घेतली. चार वर्षं. २०१४ ला तो परत आला तेव्हा त्यांनी ती धुतली, दोनदा म्हणे, पण ऑइलचे डाग राहिलेच, छातीवर बरोबर क्लीव्हलँड मधल्या व्ही वर एक काळा ठिपका आहे. तीच घालून ते मॅच बघतात.

या गावचं दुखणं तुला बाहेरून कळणार नाही. शेवटचा मोठा कप १९६४ चा, तोही फुटबॉलचा, ब्राउन्सनी बाल्टिमोरला २७-० ने हरवलं, २७ डिसेंबरला. काका त्या मॅचला गेले होते वडिलांबरोबर, अकरा वर्षांचे. मी एकदा मोठ्या आशेने विचारलं, कशी होती मॅच. म्हणाले, पुढच्या माणसाचा कोट. बस्स. सगळी मॅच त्यांनी एका तपकिरी कोटाची पाठ बघितली आणि तलावावरून येणाऱ्या वाऱ्याने पाय बधिर झाले. गाव बावन्न वर्षं ज्याच्यावर जगतंय ते त्यांनी स्वतः हजर असून बघितलं नाही. त्यानंतर काय काय झालं त्याला इथं नावंच आहेत, फुटबॉलमधले द ड्राइव्ह, द फंबल, आणि १९८९ मध्ये जॉर्डनने क्रेग एहलोच्या डोक्यावरून शेवटच्या क्षणाला मारलेला तो द शॉट. नुसतं नाव घेतलं की माणसं मान खाली घालतात. हरण्याला एवढी टोपणनावं ठेवणारं गाव मी दुसरं बघितलं नाही.

तर चौथी मॅच. घरच्या कोर्टवर १०८-९७ हरलो, ३-१ झालं. तोपर्यंत फायनल्समध्ये ३-१ ने मागे पडलेल्या टीम्स ३२, आणि त्यातली परत आलेली एकही नाही. मी हिशोबी माणूस, मी मेसेज टाकला. आणि सोमवारी पाचवी मॅच होती ती मी बघितलीच नाही. तुला मी काय सांगितलं होतं, शेवटपर्यंत विश्वास होता वगैरे? सपशेल थाप. मी खाली तळघरात कपडे धूत होतो. मशीनमध्ये नाणी टाकली आणि हेडफोन लावून बसलो, मुद्दाम. थोड्या वेळाने पाइपातून ठण ठण आवाज यायला लागला, म्हटलं पाणी तुंबलं. वर गेलो तर काका हातात पळी घेऊन पाइपावर मारत होते, मला बोलवायला. लेब्रॉन ४१, आमचाच कायरी अर्विंग ४१ पॉइंट. एकाच टीमच्या दोघांनी फायनल्सच्या एका मॅचमध्ये चाळिसाच्या वर, असं आधी कधीच झालेलं नव्हतं, आणि मी तळघरात मोजे मोजत होतो. काका फक्त म्हणाले, "मला वाटलं तू बघतोयस." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सहाव्या मॅचपासून मी खालीच. त्यांची एक पद्धत आहे, टीव्हीचा आवाज बंद आणि शेजारी रेडिओ चालू, कारण टीव्हीवरचे लोक आपले नाहीत म्हणे, रेडिओवाला आपला. भानगड अशी की रेडिओ चार-पाच सेकंद पुढे असतो. म्हणजे आधी ऐकू येतं काय झालं आणि मग ते दिसतं. पहिल्यांदा मला वेड लागायची पाळी आली. मग सवय झाली, कारण पहिला क्वार्टर ३१-११ आमचा, वाईट ऐकायला काही नव्हतंच. करीला सहावा फाउल दिला, त्याने माउथगार्ड फेकला तो एका प्रेक्षकाला लागला, बाहेर काढला त्याला. तो फेकणार हे आम्हाला आधीच माहीत होतं, आणि तरी तो इतका सभ्य पोरगा खरंच फेकतोय बघून काका "ओह" म्हणाले.

सातवी. १९ जून, रविवार, फादर्स डे, तुझ्या गावी. तू तुमच्या ओरॅकल स्टेडियमच्या बाहेरून फोटो पाठवला होतास, पिवळे टीशर्टच टीशर्ट. मॅच आठवून सांगायची तुला गरज नाही पण मी सांगणारच, पैजेत लांबलचक लिहायचं ठरलंय. हाफटाइमला तुम्ही ४९-४२. तीन क्वार्टरनंतर तुम्ही एकाने पुढे, ७६-७५. मग ८९-८९ वर येऊन गाडी अडकली. साडेचार मिनिटं होती घड्याळात, आणि दोन्हीकडे कोणाचं काही पडेना. अख्ख्या सीझनमध्ये जे पोरगं झोपेत थ्री मारतं त्याचा बॉल रिंगवर आपटून परत, लेब्रॉनचा परत, क्लेचा परत. लोक म्हणतात बास्केटबॉल म्हणजे शंभर-शंभर पॉइंट, मजा काय त्यात. त्यांना ही चार मिनिटं दाखव.

आणि हे ऐक, हे मी नंतर कागदावर बेरीज करून काढलं, मग कळलं की पेपरातही आलं होतं. सहा मॅचेसनंतर दोन्ही टीमचे एकूण पॉइंट ६१० आणि ६१०. तुम्ही आम्हाला ३३ ने धुतलंत, आम्ही तुम्हाला ३० ने, सगळं होऊन सारखे. ८९-८९ म्हणजे ६९९-६९९. सतरा-अठरा दिवस खेळून शून्यावर परत. तुझ्या ७३ चा आणि आमच्या ५७ विन्सचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.

मग कायरी चुकला, बॉल तुमच्या इगुडालाने घेतला आणि पळाला, करीला दिला, करीने परत दिला, समोर फक्त आमचा जे. आर. स्मिथ. आणि रेडिओ ओरडला. नुसता आवाज, शब्द नाहीत. टीव्हीवर इगुडाला अजून पळत होता. मी काकांकडे बघितलं, काका रेडिओकडे, त्यांनी ऐकलं होतं पण विश्वास नव्हता, कारण स्क्रीनवर तर लेअप पडणार असं सरळ दिसत होतं, लेब्रॉन फ्रेममध्येच नव्हता. मग जे. आर. ने हात घातला, इगुडालाला हवेत बॉल जरा खाली घ्यावा लागला, एवढासा उशीर, आणि मागून तो आला. बॉल बोर्डावर असा चिकटवला की भिंतीवर पाल मारावी. १ मिनिट ५० सेकंद बाकी. सगळे ब्लॉक ब्लॉक करतात, पण जे. आर. चं नाव कोणी घेत नाही. तो मध्ये आला नसता तर लेब्रॉन पोचलाच नसता. माझ्या मते अर्धा ब्लॉक त्याचा.

कायरीचा थ्री आम्ही असाच आधी ऐकला. ५३ सेकंद, उजव्या बाजूने, करीच्याच तोंडावर. त्या वेळी काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. रेडिओ फुटला, ते वळले, आणि पहिल्यांदा त्यांनी चित्र बघायला वेळेवर मान वळवली. मग करीसमोर केव्हिन लव्ह, ज्याला वर्षभर आम्ही डिफेन्स येत नाही म्हणून नावं ठेवली, तो पायाला चिकटून राहिला, करीचा थ्री गेला नाही. लेब्रॉनने दोन फ्री थ्रोमधला एक चुकवून एक टाकला, १०.६ सेकंद, ९३-८९, संपलं. शेवटची साडेचार मिनिटं तुमचा एकही पॉइंट नाही. २७ पॉइंट, ११ रिबाउंड, ११ असिस्ट करून तो माणूस जमिनीवर पालथा पडून रडत होता. आणि ८९! नाताळच्या दिवशी तुम्ही आम्हाला ८९-८३ ने हरवलं होतं ना, तेवढेच. हे उगाच.

आता तुमच्या ड्रेमंड ग्रीनचं. तू त्या रात्रीपासून एकच लावलंयस, ग्रीनला पाचव्या मॅचला बसवला नसता तर सीरिज तिथंच संपली असती. असेल. पण नियम सगळ्यांना माहीत होता, प्लेऑफमध्ये फ्लॅग्रंटचे (धसमुसळ्या फाउलचे) चार पॉइंट झाले की एक मॅच बाहेर, आणि त्याचे तीन आधीच खात्यावर, ह्यूस्टनविरुद्ध एक आणि ओक्लाहोमाच्या स्टीव्हन अॅडम्सला लाथ मारली त्याचे दोन. एवढं सांभाळून असताना लेब्रॉन अंगावरून गेला म्हणून हात फिरवायचा? शेजारच्या बेसबॉल स्टेडियममध्ये बसून बघावी लागली मग त्याला मॅच. आणि सातव्या मॅचला तर होता ना तो, ३२ पॉइंट, १५ रिबाउंड, ९ असिस्ट, तुमचा सगळ्यात भारी खेळलेला माणूस तोच. तरी हरलात. मला विचारशील तर तुमचं घोडं अडलं ते बोगटचा गुडघा गेला तिथं, आणि हॅरिसन बार्न्सपाशी. शेवटच्या तीन मॅचेसमध्ये ३२ शॉटपैकी ५. मोकळा सोडला होता त्याला आम्ही, मुद्दाम. आणि करी शंभर टक्के फिट नव्हता हे मी मान्य करतो, पण २०१५ ला आमचा कायरी आणि लव्ह दोघंही बाहेर होते तेव्हा तू मला काय म्हणाला होतास? "खेळ आहे, चालायचंच." चालायचंच मग.

७३ च्या मागे लागून दमलात का, हा प्रश्न मात्र मला खरंच पडतो. एप्रिलमध्ये लोकांना विश्रांती देता आली असती. पण मग १३ एप्रिलची ती रात्र झाली नसती, आणि ती नसावी असं मला म्हणवत नाही.

मिरवणूक बुधवारी झाली. तेरा लाख लोक आले म्हणतात, गावाची वस्ती चार लाखाच्या आत. रेड लाइनला एवढी गर्दी की आम्ही दोन गाड्या सोडल्या आणि तिसरीत काका आधी घुसले, मी मागून. पार्किंगच्या इमारतींवर माणसं लटकलेली, जे. आर. उघडाबंब फिरतोय, लेब्रॉनचं ते दहा मजली पोस्टर समोर. आणि आम्ही? नाइन्थ स्ट्रीटच्या कडेला पाचव्या-सहाव्या रांगेत. ट्रक जवळ आला, आरडाओरडा झाला, आणि समोरच्या धिप्पाड माणसाने पोराला खांद्यावर घेतलं. मला काही दिसेना. काकांना तर त्याहून नाही, ते माझ्यापेक्षा बुटके. मी म्हटलं, उचलू का तुम्हाला? गंमत नव्हती करत, खरंच उचललं असतं. ते म्हणाले नको, आणि हसत सुटले, एवढे की डोळ्यांत पाणी. मला आधी कळेना. मग त्यांनी समोरच्या माणसाच्या पाठीकडे बोट दाखवलं. टीशर्ट होता, कोट नाही, पण तपकिरीच.

असो. बोटं दुखली माझी. माझी पैज फिटली. आता तू हरलास हे तू कुठेही लिहून दिलेलं नाहीस, तरी १९ जूनला तू रात्रभर फोन उचलला नाहीस ते मी कबुली म्हणून धरलंय. तुझं पत्र यायला हवं, मराठीत, इमोजी नाही. ७३ बद्दल हवं तेवढं लिही, मी वाचेन. ग्रीनबद्दल एक पान, जास्त नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. काकांनी जर्सी तिसऱ्यांदा धुतली. डाग आहे तिथेच आहे.